पाय रोवणाऱ्या क्रियापदांची पारख

एखादी गोष्ट नुसती सुरू न होता स्थिरावते, मग सहजी हलत नाही, हे सांगायला इंग्रजीत क्रियापदांचा मोठा गोतावळा आहे. टेक रूट, सेटल, एस्टॅब्लिश, एन्ट्रेंच, एम्बेड, इनग्रेन, कॅच ऑन आणि सेट इन ही त्यांतली रोजच्या वापरातली. शब्दकोशात यांतल्या एकाचा अर्थ दुसऱ्याच्या आधाराने सांगितलेला असतो. वाक्यात मात्र एकाच्या जागी दुसरे बसवले की इंग्रजी वाचणाऱ्याला ते खटकते. का खटकते, हे शोधून नोंदवणे हे कोशकाराचे फार चिवट काम आहे.

कामाची सुरुवात शब्द गोळा करण्यापासून होते. पीटर मार्क रोजे या ब्रिटिश डॉक्टरने अशी शब्दयादी 1805 मध्ये स्वतःच्या लेखनासाठी केली आणि 1852 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ती वाढवून ‘थिसॉरस’ म्हणून छापली. त्यात शब्द अकारविल्हे नाहीत. सुमारे हजार कल्पनांखाली ते गटवार मांडलेले आहेत. प्रस्तावनेत रोजेने आधीच्या अशा प्रयत्नांचा उल्लेख करताना सर्वांत आधी अमरकोशाचे नाव घेतले आहे. संस्कृतचे अभ्यासक कोलब्रुक यांनी केलेले त्याचे इंग्रजी रूप 1808 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले होते. अमरकोशाची वर्गवारी रोजेला समाधानकारक वाटली नाही, ही गोष्ट वेगळी.

अशा मांडणीत ‘टेक रूट’ एकाच ठिकाणी राहत नाही. थिसॉरसच्या पुढच्या आवृत्त्यांत ते स्थैर्याखाली सापडते, जागा धरण्याखाली सापडते आणि सवयीखालीही सापडते. म्हणजे यादी शब्दाची दिशा दाखवते, फरक सांगत नाही. रोजेने हे मोकळेपणाने मान्य केले होते. समानार्थी शब्दांतले बारकावे उलगडणे ही वेगळी विद्या आहे, तिच्यात आपण शिरलेलो नाही, अशी त्याची भूमिका होती. त्याचा कोश हाती धरून भारदस्त शब्द शोधणारे ही सूचना विसरतात आणि तिथेच फसतात.

फरकाचा थोडा माग शब्दाच्या जन्मकथेत लागतो. ‘एन्ट्रेंच’च्या पोटात खंदक आहे. खंदक खणून बसलेल्या सैन्याला हुसकावून लावावे लागते, म्हणून हे क्रियापद हितसंबंध, विषमता, नोकरशाही यांच्याबरोबर अधिक दिसते. ‘एम्बेड’ खडकात रुतलेल्या जीवाश्मांच्या वर्णनात वापरले गेले आणि भोवतालच्या द्रव्याने घट्ट वेढलेले असणे ही छटा त्याने आजही सोडलेली नाही. ‘इनग्रेन’ रंगाऱ्यांकडून आले. किरमिज नावाच्या किड्यांची वाळलेली शरीरे दाण्यांसारखी दिसत आणि त्यांपासून केलेला लाल रंग कापडावर पक्का बसे. मराठीतला ‘किरमिजी’ त्याच किड्यावरून आला आहे. ‘इनग्रेन’मध्ये म्हणूनच वरून लागलेला आणि पुढे धुऊन न जाणारा असा भाव असतो. मळ, पूर्वग्रह, सवय, शिस्त यांना ते शोभते, दुकानाला किंवा वसाहतीला शोभत नाही.

पण व्युत्पत्तीवर फार विसंबता येत नाही. ‘सेट इन’च्या दोन्ही घटकांत वाईट असे काहीच नाही, तरी त्याचा स्वभाव ठरलेला आहे. तो उघड झाला तो शब्दसंदर्भांच्या तक्त्यामुळे. खऱ्याखुऱ्या पुस्तकांतला आणि वृत्तपत्रांतला प्रचंड मजकूर संगणकात भरायचा, हवा तो शब्द प्रत्येक ओळीच्या मधोमध आणायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे चार-सहा शब्द तेवढे ठेवायचे. मग ओळी आधी डावीकडच्या शब्दानुसार लावायच्या, नंतर उजवीकडच्या. एकेक वाक्य वाचताना जे दिसत नाही ते उभ्या रांगेत वाचताना डोळ्यांत भरते. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली याच पद्धतीने कोलिन्स कोबिल्ड हा कोश तयार झाला आणि 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘सेट इन’च्या ओळी पाहताना सिंक्लेअर यांना कर्त्याच्या जागी सडणे, ऱ्हास, नैराश्य, जंतुसंसर्ग, भ्रमनिरास, मंदी अशी रांग दिसली. चांगली गोष्ट जवळजवळ नाहीच. इंग्रजी बोलणारे हा नियम बिनचूक पाळत होते, पण विचारले असते तर तो सांगू शकले नसते. समानार्थी शब्दांच्या अभ्यासातला हा फार मोलाचा शोध आहे, कारण इथे अर्थ एकट्या शब्दात न राहता त्याच्या शेजाऱ्यांत सापडला.

भारतात या नियमाला एक ठळक अपवाद आहे. नैऋत्य मोसमी पाऊस केरळात ‘सेट इन’ झाला, असे भारतीय हवामान विभाग आपल्या इंग्रजी निवेदनात म्हणतो, आणि 1 जूनच्या आसपास सारा देश त्या बातमीची वाट पाहत असतो. हवामानासाठी हे क्रियापद इंग्लंडमध्येही रुळलेले आहे. तिथे मात्र ते कडाक्याच्या थंडीला किंवा दिवसभर न थांबणाऱ्या पावसाला लावतात.

छटा हाती लागल्यावर व्याकरण तपासायचे. ‘टेक रूट’ला कर्म लागत नाही, कल्पना स्वतः रुजते, तिला कुणी या क्रियापदाने रुजवत नाही. ‘इनग्रेन’ बहुतेक वेळा विशेषणासारखेच भेटते. ‘एस्टॅब्लिश’ला कर्म हवे, निदान स्वतःला प्रस्थापित करणारा कर्ता तरी हवा. ‘सेट इन’चा कर्ता माणूस नसतो, ती एखादी स्थिती असते, आणि क्रियापद सहसा वाक्यांशाच्या शेवटी येते. ‘कॅच ऑन’मध्ये लोकप्रियता आहे, खोली नाही, फॅशन अशी पकड घेते, घराणेशाही घेत नाही.

मराठीत आणताना हीच पारख उपयोगी पडते. ‘टेक रूट’ला रुजणे नेमके बसते. ‘इनग्रेन’ला मुरणे किंवा हाडीमासी खिळणे, ‘एन्ट्रेंच’ला ठाण मांडणे, धंद्यातल्या ‘एस्टॅब्लिश’ला जम बसवणे. ‘सेट इन’ला एकच प्रतिशब्द नाही, कर्ता पाहून तो बदलावा लागतो: नैराश्य ग्रासते, व्यवस्थेला कीड लागते आणि मान्सून दाखल होतो. सगळीकडे ‘सुरू झाले’ लिहिले तर अर्धा अर्थ गळतो.

समानार्थी कोशातून इंग्रजी क्रियापद उचलण्यापूर्वी त्याची निदान दहा छापील वाक्ये वाचावीत आणि दर वेळी कर्ता कोण आहे ते पाहावे. आपला कर्ता त्या रांगेत शोभत नसेल, तर यादीतला पुढचा शब्द घ्यावा.