सेल्फीतला चेहरा नेमका कुणाचा?

पूर्वी चेहऱ्यावर उपचार करून घेण्यासाठी येणारी माणसे सिनेतारकांचे फोटो घेऊन येत. ‘नाक असे हवे’, ‘जिवणी अशी हवी’ असे सांगत. आता ती स्वतःचाच फोटो घेऊन येतात. मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, ‘यात दिसतो ना, तसा चेहरा करून द्या.’ फोटो त्यांचाच असतो, फक्त एखाद्या अ‍ॅपने तो गोरा, गुळगुळीत आणि निमुळता केलेला असतो. अमेरिकेतील चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत, ‘सेल्फीत चांगले दिसावे म्हणून शस्त्रक्रिया करा’ असे सांगणारे रुग्ण भेटल्याचे २०१५ मध्ये ४२ टक्के सर्जनांनी नोंदवले होते. दोनच वर्षांत हे प्रमाण ५५ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे शस्त्रक्रियेपर्यंत जाणारे थोडे. पण औषधाच्या दुकानातून परस्पर क्रीम आणून चेहऱ्याला लावणारे घरोघरी आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, आरोग्याचा आहे.

कॅमेरा खोटे कसे बोलतो?

हात लांब करून सेल्फी काढताना मोबाइल चेहऱ्यापासून साधारण फूटभर अंतरावर असतो. नाकाचा शेंडा लेन्सपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान त्याच्याही १०-१२ सेंटिमीटर मागे असतात. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते, हा साधा नियम. त्यामुळे नाक फुगते आणि कान, गाल मागे सरकतात. पाच फुटांवरून फोटो काढला, तर हेच १०-१२ सेंटिमीटर नगण्य ठरतात आणि चेहरा प्रमाणात दिसतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये याचे गणित मांडले. पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसते, असे त्यात आढळले. म्हणजे ‘माझे नाक फार पसरट आहे’ ही तक्रार अनेकदा नाकाची नसून अंतराची असते.

दुसरा घोळ डाव्या-उजव्याचा. माणूस जन्मभर स्वतःला आरशात पाहतो, म्हणजे उलटा पाहतो. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. भांग, भुवई, हसताना वर जाणारा ओठाचा कोपरा हे सगळे फोटोत बाजू बदलते आणि आपलाच चेहरा किंचित वाकडा वाटू लागतो. अमेरिकेतच १९७७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात काही स्त्रियांना स्वतःचे सुलट आणि उलट असे दोन फोटो दाखवले. बहुतेकींना आरशातल्यासारखा फोटो आवडला, तर त्यांच्या मैत्रिणींना सुलट. सवयीचे जे असते तेच बरे वाटते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला खटकणारा फोटो इतरांना मुळीच खटकत नसतो.

तिसरा घोळ फिल्टरचा. तो त्वचेवरची रंध्रे पुसतो, रंग उजळतो, डोळे मोठे आणि जबडा निमुळता करतो. काही फोनमध्ये कॅमेऱ्याचा ‘ब्यूटी मोड’ आधीच सुरू असतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. फोटो सुधारण्याची कला तशी जुनीच. स्टुडिओतले छायाचित्रकार निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत. पण तसा फोटो लग्नाकार्यात, वर्षा-दोन वर्षांतून एकदा निघे. आज तो दिवसातून दहादा निघतो आणि दर वेळी आरशातला चेहरा त्याच्यापुढे फिका पडतो.

आरसा बदलला

‘मी कोण, मी कसा’ याची कल्पना माणूस एकट्याने बसून ठरवत नाही. इतरांच्या नजरेत आपण कसे दिसत असू, याच्या अंदाजावरून ती घडते, असे समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्येच मांडले होते. समाज हाच आरसा, असे त्यांचे म्हणणे. पूर्वी या आरशात घर, आळी, शाळा आणि गाव असे. तिथली माणसे चेहऱ्याबरोबर आवाज, स्वभाव, हाताची चव, अडीनडीला धावून जाणेही पाहत. समाजमाध्यमांच्या आरशात यातले फारसे काही उतरत नाही. चौकटीत मावतो तो चेहरा, आणि त्याखाली पसंतीचा आकडा.

या बदलाचा सर्वाधिक ताण बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींवर येतो. याच वयात शरीर झपाट्याने बदलते, मुरमे येतात, आवाज फुटतो आणि बरोबरीच्यांचे मत आईवडिलांच्या मतापेक्षा जड वाटू लागते. पडद्यावरच्या प्रतिमांची ताकद किती, हे फिजी बेटांवर दिसून आले आहे. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. त्या समाजात भरलेले अंग हे सुखवस्तूपणाचे लक्षण मानले जाई. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी झाली, तेव्हा ७४ टक्के मुलींनी ‘आपण फार जाड आहोत असे वाटते’ असे सांगितले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, त्या ११ टक्क्यांवर गेल्या. तेव्हा पडद्यावर परकी माणसे होती. आज पडद्यावर वर्गातली मैत्रीण आहे, आणि स्वतःची सुधारलेली प्रतही आहे.

या माध्यमांची दुसरी बाजूही खरी आहे. अंगावर कोड असलेली, भाजल्याचे व्रण असलेली माणसे पूर्वी घराबाहेर पडायला कचरत. त्यांतली काही जण आज आपला चेहरा न झाकता जगासमोर आणतात आणि तसाच त्रास असलेल्या दुसऱ्याला धीर देतात. माध्यम तेच; चेहरा लपवायला वापरायचे की दाखवायला, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

चिंता आजार कधी होते?

दिसण्याची थोडीफार काळजी सगळ्यांनाच असते. पण इतरांना न दिसणाऱ्या किंवा अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या दोषाचा विचार रोज तासन्‌तास छळू लागला, तर तो ‘बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर’ नावाचा मानसिक आजार असू शकतो. साधारण पन्नासांत एकाला तो असतो आणि बहुतेकांत त्याची सुरुवात किशोरवयात होते. सतत आरसा पाहणे किंवा आरसा टाळणे, तोंड झाकून वावरणे, ‘मी बरी दिसते ना?’ असे पुन्हा पुन्हा विचारणे, समारंभ आणि कॉलेज बुडवणे ही त्याची लक्षणे. हा गर्व नव्हे आणि नखराही नव्हे. या रुग्णांत आत्महत्येचे विचार येण्याचे प्रमाण मोठे असते. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून त्यांचे समाधान सहसा होत नाही. एक दोष मिटला की मन दुसरा शोधते. विचार आणि वर्तन बदलणारी समुपदेशनाची पद्धत व मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधे यांनी मात्र चांगला गुण येतो.

किंमत मोजते ती त्वचा, आणि मूत्रपिंडही

फोटोतला उजळपणा प्रत्यक्षात आणण्याच्या धडपडीत सर्वाधिक नुकसान स्टेरॉइडयुक्त मलमांनी होते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही इसबासारख्या आजारांवरची उपयुक्त औषधे. ती चेहऱ्याला लावली की पहिले काही आठवडे रंग उजळतो आणि मलमाची ख्याती मैत्रिणींत पसरते. पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे आणि लव वाढते. मलम थांबवले की आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांचा समावेश ‘शेड्यूल एच’मध्ये केला, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात.

त्याहून गंभीर धोका पाऱ्याचा. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून काही बेनामी क्रीममध्ये तो मिसळला जातो. तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. केरळमधील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपथी’च्या २२ रुग्णांची नोंद केली. या आजारात मूत्रपिंडाची चाळणी बिघडून लघवीतून प्रथिने जातात. त्यांतील १५ जणांत आजाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित आढळणारा प्रकार होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे होण्याचे क्रीम वापरत होते. बहुतेकांचा आजार क्रीम बंद केल्यावर आटोक्यात आला, ही त्यातली दिलाशाची गोष्ट.

घरातले बोलणे

सगळा दोष मोबाइलवर टाकून मोकळे होता येणार नाही. ‘किती काळवंडलीस!’, ‘आधी चेहऱ्याचे काहीतरी कर, मग स्थळे बघू’ ही वाक्ये कोणत्याही अ‍ॅपने शिकवलेली नाहीत. लग्नाच्या बायोडाटाला जोडायचा फोटो दोन छटा उजळ करून आणणारी वडीलधारी माणसेच असतात. मग मुलीने पाच मिनिटे आरशासमोर जास्त काढली की तीच माणसे रागावतात. मुलांच्या कानावर त्यांच्या चेहऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कशाचे कौतुक पडते का, हे घराने तपासून पाहायला हवे.

उपायांचा परिणाम दिसतो, आणि तो लवकर दिसतो. कॅनडातील एका प्रयोगात चिंता किंवा नैराश्याची लक्षणे असलेल्या, १७ ते २५ वयाच्या २२० विद्यार्थ्यांपैकी एका गटाला समाजमाध्यमांचा मोबाइलवरील वापर दिवसाला तासाभरावर आणायला सांगितले. त्यांचा वापर निम्म्याने घटला. तीनच आठवड्यांत स्वतःच्या दिसण्याविषयीचे आणि वजनाविषयीचे त्यांचे मत सुधारले. नेहमीइतका वापर करणाऱ्यांत तसा बदल दिसला नाही. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

घरी करता येण्यासारख्या काही गोष्टी अशा:

• कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ब्यूटी मोड’ बंद करा. फोटो दुसऱ्याला पाच फुटांवरून काढायला सांगा.

• व्हिडिओ कॉलवर स्वतःची चौकट लपवण्याची सोय असेल तर वापरा. समोरच्याकडे पाहून बोलणे सोपे जाते.

• नाव-पत्ता, घटक आणि परवाना क्रमांक छापलेला नाही असे क्रीम चेहऱ्याला लावू नका.

• स्टेरॉइडचे मलम बरेच दिवस लावत असाल, तर मनाने एकदम थांबवू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

• गोरे होण्याचे क्रीम वापरणाऱ्याच्या पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम बंद करून लघवीतील प्रथिनांची तपासणी लगेच करून घ्या. ती साधी आणि स्वस्त आहे.

• दिसण्याच्या चिंतेने मूल शाळा-कॉलेज टाळू लागले, जेवण सोडू लागले किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते आणि ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतूनही बोलता येते.