दूधवाला तेव्ये आणि शनवार तेली

दसरा-दिवाळी सरली की केज तालुक्यातील कितीतरी घरांना कुलूप लागते. भांडीकुंडी, धान्याचे पोते, कोयते आणि लहान मुले घेऊन ऊसतोड कामगार साखर कारखान्यांकडे निघतात. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे तुम्हांला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. ही माणसे उन्हाळ्यात परत येतात. पण जे कायमचेच जातात, त्यांचे काय? अशा लोकांवरचे एक नाटक जगभर गाजले. त्याचे नाव 'फिडलर ऑन द रूफ', म्हणजे छपरावरचा व्हायोलिनवाला.

हे संगीत नाटक २२ सप्टेंबर १९६४ रोजी न्यूयॉर्क येथे रंगमंचावर आले. तेथे त्याचे तीन हजारांहून अधिक प्रयोग झाले. मूळ कथा शोलेम अलेकेम या यहुदी लेखकाच्या. ते यिद्दिश भाषेत लिहीत. ही भाषा उर्दूप्रमाणेच उजवीकडून डावीकडे लिहितात.

तेव्ये हा रशियातील एका खेड्यातला गरीब यहुदी दूधवाला. काळ १९०५ सालचा. घोडा लंगडला तर दुधाची गाडी तो स्वतःच ओढतो. घरात पाच मुली आणि पैशाची चणचण. तो सारखा देवाशी बोलतो. कधी तक्रार करतो, तर कधी थट्टाही करतो. उतरत्या छपरावर तोल सांभाळत व्हायोलिन वाजवावे, तसे आमचे जगणे आहे, असे तो सुरुवातीलाच सांगतो.  मुली मोठ्या होतात, आपापल्या मनाने लग्ने ठरवतात. बाप रागावतो, विचार करतो, आणि दोनदा नमते घेतो. तिसऱ्या वेळी मात्र त्याला ते जमत नाही. हे प्रसंग फार हृदयस्पर्शी आहेत.

मग एके दिवशी फौजदार येऊन सांगतो, तीन दिवसांत गाव सोडा. गुन्हा काय? यहुदी असणे, एवढाच! गावकऱ्यांची पांगापांग होते. कोणी पोलंडला, कोणी जेरुसलेमला जातो. तेव्ये बायको व दोन धाकट्या मुलींना घेऊन अमेरिकेची वाट धरतो. ही केवळ कल्पना नव्हे. १८८१ ते १९१४ या काळात सुमारे वीस लाख यहुदी पूर्व युरोप सोडून गेले.

नाटक येथे संपते. पोहोचल्यावर काय घडले, ते तेव्ये सांगत नाही. ते आपल्याला कोकणातले यहुदी सांगतात.

त्यांना 'बेने इस्राएल' म्हणतात. 'बनी इस्राईल' हे नाव तुमच्या ओळखीचेच आहे. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, त्यातून सात जोडपी वाचली, तेच आपले पूर्वज, असे ते मानतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी त्यांच्या धर्माप्रमाणे काम बंद, म्हणून घाणाही बंद! शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावे गावांवरून आली : दिवेकर, पेणकर, चेऊलकर. घरची भाषा मराठी. पुढे बरेच जण मुंबईला गेले. १९३१ साली 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट आला, त्याचे मूळ नाटक लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर याच समाजातले होते. ते उर्दूतही नाटके लिहीत, हे आपण विसरू नये.

या लोकांना येथून कोणी हाकलले नाही. तेव्येच्या आणि त्यांच्या गोष्टीत हाच मोठा फरक. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले. त्याच वेळी तेथील लाखो अरबांना घरे सोडावी लागली. तीही गाव सुटल्याचीच गोष्ट आहे, आणि दुःखाची आहे. धर्माची ओढ आणि बरे दिवस येतील ही आशा, यांमुळे बेने इस्राएल तिकडे निघाले. दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद अशा गावांत त्यांनी संसार थाटले. पण सारे मनासारखे झाले नाही. भेदभाव होतो अशी तक्रार करून काही जण १९५२ साली भारतात परतले. त्यांतले काही पुन्हा तिकडे गेले. १९६० नंतर तर तेथील धर्मगुरूंनी विचारले, तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्नाआधी वंशाची चौकशी सुरू झाली. शनिवार पाळला म्हणून ज्यांना कोकणात 'शनवार तेली' नाव पडले, त्यांनाच हा प्रश्न!

१९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. संसदेत चर्चा झाली. ऑगस्टअखेर धर्मगुरूंनी आदेशातून बेने इस्राएलांचे नाव काढून टाकले. त्यानंतर काही आठवड्यांतच न्यूयॉर्कला तेव्येच्या नाटकाचा पडदा वर गेला.

आता भारतात बेने इस्राएल थोडेच उरले आहेत. इस्राएलमध्ये त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. तेथेही लग्नाआधी मेंदीचा कार्यक्रम होतो. नवस फेडताना ते एलियाहू पैगंबरांच्या नावाने ताट मांडतात. त्यात पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असतात. त्या ताटाला ते मलिदा म्हणतात.