घरून काम: तोंडी परवानगी नको, कागद हवा

‘घरून कर ना, माझी काही हरकत नाही,’ असं मॅनेजर म्हणतो आणि कर्मचारी पुण्यातली भाड्याची खोली सोडून सांगलीला आईवडिलांकडे जातो. सहा महिन्यांनी मॅनेजर बदलतो. नवा साहेब सोमवारपासून हिंजवडीत हजर राहायला सांगतो. नियुक्तिपत्रात कामाचं ठिकाण ‘पुणे’च छापलेलं असतं आणि जुन्या साहेबांच्या शब्दाला पुरावा नसतो.

कंपन्यांची धोरणं किती झपाट्याने बदलतात, याचं ठळक उदाहरण ‘टीसीएस’चं. २०२५ सालापर्यंत एका वेळी जेमतेम २५ टक्के कर्मचाऱ्यांनीच ऑफिसात असावं, असं उद्दिष्ट या कंपनीने २०२०मध्ये जाहीर केलं होतं. २०२३च्या ऑक्टोबरपासून तिथे आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायला सांगण्यात आलं. घोषणेच्या भरवशावर गावाकडे बस्तान बसवू नये, ते यासाठीच.

कायदा या बाबतीत फारसा पाठीशी उभा राहत नाही. घरून काम करणं हा नोकरदाराचा सरसकट हक्क नाही. २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात एक तरतूद आली: कामाचं स्वरूप तसं असेल, तर प्रसूती रजेनंतरही बाईला घरून काम करता येईल. पण किती काळ आणि कोणत्या अटींवर, हे तिने आणि मालकाने आपसात ठरवायचं. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी जुलै २०२२मध्ये नियम आला. त्यात निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत घरून काम देण्याची मुभा होती; पुढे ती आणखी सैल करण्यात आली. मात्र ही मुभा कंपनीला होती, कर्मचाऱ्याला नव्हे.

थोडक्यात, जे काही ठरवायचं ते दोघांनीच. ते कसं ठरवावं, याचा उत्तम धडा शांघायमधल्या ‘सीट्रिप’ या प्रवास कंपनीने घालून दिला. २०१०च्या अखेरीस कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांना तिने घरून काम करण्याबद्दल विचारलं. इच्छा दाखवणाऱ्या सगळ्यांना होकार मिळाला नाही. कंपनीत किमान सहा महिने झालेले असावेत, घरी ब्रॉडबँड असावं आणि कामाला स्वतंत्र खोली असावी, अशा अटी होत्या. त्यांत बसले २४९ जण. त्यांच्यातल्या सम जन्मतारखेच्या लोकांना घर मिळालं, विषमवाल्यांना ऑफिस. घरवाल्यांनाही आठवड्यातून एक दिवस ऑफिसात यावं लागे. मुदतही आधीच ठरलेली होती, नऊ महिन्यांची.

स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. घरवाल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं होतं आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. तरीही मुदत संपल्यावर त्यांच्यातले जवळपास निम्मे आपणहून ऑफिसात परतले, कारण घरी एकटेपणा खायला उठत होता. आणखी एक गोष्ट खटकणारी होती. तेवढंच चांगलं काम करूनही घरवाल्यांच्या वाट्याला बढती कमी येत होती.

म्हणून करारात पहिला मुद्दा कामाच्या मोजमापाचा हवा. कॉल किती घेतले, फाइल किती निकाली काढल्या, कोड कधी द्यायचा, हे लिहिलेलं असलं की चॅटवरचा हिरवा ठिपका किती वेळ पेटलेला होता, यावरून वाद होत नाहीत. बढती आणि वार्षिक मूल्यमापनाचे निकष ऑफिसातल्या सहकाऱ्यांसारखेच राहतील, हेही त्यातच यावं.

मग वेळ. फोन कोणत्या तासांत उचलायचा आणि कधीनंतर नाही उचलला तरी चालेल, हे स्पष्ट हवं. त्यानंतर खर्च. लॅपटॉप आणि व्हीपीएन कंपनीचं, हे सहसा गृहीत असतं. घोडं अडतं ते इंटरनेटच्या बिलावर आणि इन्व्हर्टरवर. महावितरणने देखभालीसाठी दिवसभर वीज बंद ठेवली, तर तो दिवस रजेत धरायचा की कामात? प्रश्न किरकोळ वाटतो, पण भांडणं यावरूनच होतात. ग्राहकांची माहिती घरच्या संगणकावर उतरवायची नाही, हेही नोंदवलेलं बरं.

घरी असल्याने कंपनीची सगळीच जबाबदारी संपते, असंही नाही. लैंगिक छळविरोधी २०१३च्या कायद्यातल्या कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहतं घरही येतं. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर कुणी लैंगिक स्वरूपाचं असभ्य वर्तन केलं, तर महिला कर्मचाऱ्याला कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते.

मधला मार्गही आहे. सीट्रिप आता ‘ट्रिप डॉट कॉम’ या नावाने ओळखली जाते. तिथे २०२१-२२मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर हायब्रीड पद्धतीचा प्रयोग झाला. त्यात निम्म्या लोकांना आठवड्यातले दोन दिवस घर मिळालं. राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि या वेळी बढतीवर काही परिणाम दिसला नाही.

तेव्हा सुरुवात तीन महिन्यांच्या चाचणीने करावी आणि परत बोलावायचं झाल्यास किती दिवस आधी कळवायचं, हे ठरवून घ्यावं. हे सगळं एका पानात मावतं. ते पान एचआरच्या ईमेलवरून आपल्या नावावर येईपर्यंत भाड्याची खोली सोडू नका.