परदेशप्रवासातील मैत्री आणि तिच्यामागची व्यवस्था

परदेशात नवे मित्र जोडणे हे बोलक्या आणि धीट माणसांनाच साधते, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु गेल्या शतकभरातील प्रवासाचा इतिहास पाहिला, तर अशी मैत्री माणसाच्या स्वभावापेक्षा मुक्कामाच्या जागेवर, तेथे मिळणाऱ्या सहवासावर आणि प्रवाशाला इतरांची किती गरज पडते यावर अधिक अवलंबून असते, असे दिसून येते.

यांपैकी सहवासाचा हिशोब मांडण्याचा प्रयत्न अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांनी केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, केवळ तोंडओळख असलेल्या माणसाशी जुजबी मैत्री होण्यास सुमारे ५० तास, खऱ्या अर्थाने मित्र म्हणता येईल असे नाते जुळण्यास सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीसाठी २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. आठवड्यातून दोन तास भेटणाऱ्या शहरी माणसांना यांतला पहिला टप्पा गाठण्यासही सहा महिने लागतात. उलट एकाच निवासात उतरून दिवसभर बरोबर हिंडणारे दोन प्रवासी तो पाच-सहा दिवसांत ओलांडू शकतात. त्यातच, आपल्या वर्तुळाबाहेरच्या परक्या माणसापाशी लोक आप्तांपासूनही लपवलेल्या गोष्टी बोलून दाखवतात, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी याच विषयावरील १९०८ मधील निबंधात नोंदवले आहे. प्रवासातील ओळखी इतक्या लवकर का मुरतात, याचा उलगडा या दोन गोष्टी एकत्र पाहिल्यावर बराचसा होतो.

मात्र असा सहवास घडायचा तर त्यासाठी जागा हवी, आणि ती निर्माण करण्याचे मोठे श्रेय रिखार्ड शिरमान या जर्मन शाळाशिक्षकाकडे जाते. १९०९ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांसह पायी सहलीवर असताना वादळी पावसात सापडून एका गावातील शाळेत रात्र काढावी लागली, तेव्हा सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांतून पायी हिंडणाऱ्या मुलांसाठी स्वस्त निवारे उभारण्याची कल्पना त्यांना सुचली. पुढे पहिल्या महायुद्धापूर्वी अल्टेना येथील जुन्या किल्ल्यात कायमस्वरूपी युवा वसतिगृह उभे राहिले. १९१५ च्या नाताळात व्होज पर्वतातील आघाडीवर जर्मन आणि फ्रेंच सैनिक काही काळ शस्त्रे खाली ठेवून एकमेकांना भेटल्याचे शिरमान यांनी पाहिले, आणि सर्व देशांच्या तरुणांना भेटण्यासाठी योग्य जागा मिळाल्या तर काय घडेल, हा विचार त्यांच्या मनात रुजला. १९३२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे या वसतिगृहांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, त्याची पाळेमुळे या विचारात आहेत. एकावर एक पलंगांची सामाईक खोली आणि बसण्या-जेवण्याची सामाईक जागा ही रचना काटकसरीतून आली असली, तरी मीठ मागण्यापासून उद्याची बस विचारण्यापर्यंत बोलण्याचे असंख्य प्रसंग तीच घडवून आणते, आणि बंद दाराच्या हॉटेलखोलीत नेमके हेच प्रसंग नाहीसे होतात.

गरज हा या विषयाचा सर्वांत खोल आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनकडे पदयात्रेस निघाले, तेव्हा विनोबा भावे यांनी त्यांना जवळ पैसे न ठेवण्याचा सल्ला दिला. पैसे असले की दमलेला यात्रिक खाणावळीत जेवतो, खोली घेऊन झोपतो आणि सकाळी कोणाशी न बोलता पुढे चालू लागतो. ते नसले की त्याला दार ठोठावावे लागते, आपण कोण हे सांगावे लागते आणि यजमानाचे ऐकावेही लागते, असे त्यामागचे मर्म होते. सोव्हिएत संघात काळ्या समुद्राच्या परिसरातील एका चहाच्या कारखान्यातील स्त्रीने त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या आणि त्या चार अण्वस्त्रधारी देशांच्या नेत्यांना पोचवण्यास सांगितले, हा प्रसंग अशाच भेटींतून घडला. मदत करणाऱ्यालाही पाहुण्याविषयी आपलेपणा वाटू लागतो, म्हणून मागणे हा मैत्रीतील कमीपणा मानणे चुकीचे ठरते.

हेच तत्त्व नियमात बांधण्याचे काम सर्वास या संस्थेने केले. बॉब लुइटवायलर या अमेरिकी शांतिवाद्याने १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये तिचा आरंभ केला. प्रवाशाची आधी मुलाखत होते, त्याला परिचयपत्र मिळते, आणि यजमान त्याला कोणताही मोबदला न घेता साधारणतः दोन रात्री घरी ठेवतो. असे यजमान भारतातही आहेत. २००४ मध्ये सुरू झालेल्या काउचसर्फिंगने ही पद्धत इंटरनेटवर आणून तिचा प्रचंड विस्तार केला. पण २०११ मध्ये काउचसर्फिंग ही नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि २०२० मध्ये अनेक देशांत सदस्यांकडून शुल्क घेऊ लागली, तेव्हा फुकट पाहुणचार करणारे अनेक जुने यजमान दुखावले, आणि त्यांचे दुखावणे रास्तच होते. अनोळखी घरी उतरताना, विशेषतः एकट्या स्त्रीने, आधीच्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचणे आणि मुक्कामाचा पत्ता घरी कळवणे आवश्यकच असते.

महाराष्ट्रातून परदेशी जाणारे असंख्य प्रवासी मात्र मराठी बोलणारा मार्गदर्शक आणि भारतीय जेवण यांची हमी देणाऱ्या गटसहलींतून जातात. या सहलींनी कधी विमानात न बसलेल्या वृद्धांना युरोप दाखवला, हे त्यांचे मोठेच काम आहे. तथापि त्यांत कोणाला काही विचारण्याची गरजच उरत नसल्याने ओळखी होतात त्या आपसातच. व्हिसाची मुदत आणि परतीचे तिकीट यांत तीन-चार दिवसांची सवड आधीच ठेवून, सहल संपल्यावर एखाद्या लहान गावातील वसतिगृहात राहणे अशा प्रवाशांनाही शक्य असते, कारण युवा वसतिगृह हे नाव कायम असले तरी बहुतेक देशांत तेथे वयाची अट आता राहिलेली नाही.