नळ फुटला, घर भाड्याचे, खर्च कोणाचा?

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात आपले पुष्कळ कारागीर आणि लहान व्यापारी भाड्याच्या खोलीत राहतात. कित्येकांचे शिलाई मशीन, कापडाचे तागे, तयार माल त्याच खोलीत असतो. अशा घरात रात्री पाईप फुटला तर सकाळी घराचेही नुकसान दिसते आणि मालाचेही. त्यातच खालच्या मजल्यावरचा शेजारी छताची ओल दाखवायला येतो आणि घरमालक म्हणतो, "तुम्ही राहता, तुम्हीच भरा." भांडण नको म्हणून बरेच जण अनामत रकमेतून पैसे कापू देतात. परंतु ते पैसे आपण खरोखर देणे लागतो काय, हे आधी पाहिले पाहिजे.

पहिला प्रश्न, बिघाड कशामुळे झाला? भिंतीतला जुना लोखंडी पाईप गंजून फुटला, स्लॅबखालचा ड्रेनेजचा जॉइंट सुटला, तर तो इमारतीच्या वयाचा दोष होय. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ सांगते की, भाडेकरूने जागा जशी घेतली तशी परत करावी. मात्र रोजच्या वापराने होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती यांतून वगळलेली आहे. याउलट बिघाड भाडेकरूच्या, त्याच्या घरच्यांच्या किंवा कामगारांच्या चुकीने झाला असेल, तर मालकाने नोटीस दिल्यावर तीन महिन्यांच्या आत तो भाडेकरूने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. करारात वेगळे लिहिले असेल तर मात्र करार पाहावा लागतो.

आमच्या भागात चुकीचे एक नेहमीचे उदाहरण आहे. येथे पाणी ठरावीक वेळीच येते. नळ उघडून पाहिला, पाणी नव्हते, नळ तसाच राहिला, घराला कुलूप लावून माणूस कारखान्यात गेला आणि मागाहून पाणी आले. हा पाईपचा दोष नव्हे. येथे खालच्या शेजाऱ्याची भरपाई टाळता येणे कठीण. मोरीच्या जाळीत चिंध्या किंवा दोऱ्याचे गुंते अडकून पाणी तुंबले, तरी तेच. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले होते, तसा पूर घरात शिरला तर मात्र त्याचा दोष भाडेकरूवर येत नाही.

दुसरा प्रश्न, तुमचा करार कोणता? पागडीच्या किंवा जुन्या भाड्याच्या जागेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू असेल, तर कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूने ती करारात स्वतःकडे घेतली असेल तर गोष्ट निराळी. मालक दुर्लक्ष करीत असेल तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीतही काम झाले नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नाही. भाडे दरमहा २,००० रुपये असेल तर वर्षाचे २४,००० होतात. म्हणजे वळती करण्याची मर्यादा ६,००० रुपये.

आज बहुतेकांकडे असतो तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. असा लायसन्सवाला आणि भाडेकरू कायद्याने एक नव्हेत. त्यामुळे कलम १४ च्या भरवशावर परस्पर भाडे कापू नये. येथे कराराचे कलमच बोलते. नळाचे वॉशर, फ्लशची किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी आणि भिंतीतले पाईप, ड्रेनेज, वॉटरप्रूफिंग मालकाने, असे सही करण्यापूर्वीच स्पष्ट लिहून घ्यावे. केवळ "सर्व दुरुस्ती लायसन्सवाल्याने करावी" असे वाक्य दिसले तर तेथेच थांबून बोलावे. करार नोंदणीकृत असावा; १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ ती जबाबदारी मालकावर टाकते.

तिसरी बाजू सोसायटीची. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाईपची गळती संस्थेने दुरुस्त करावयाची असते. सदनिकेतील शौचालय, सिंक यांची अंतर्गत गळती संबंधित सदस्याच्या खर्चाने. सदस्य म्हणजे घरमालक, भाडेकरू नव्हे. संस्थेचे पत्र भाडेकरूच्या हाती दिले म्हणून जबाबदारी बदलत नाही.

मालाची भरपाई मागणे अधिक अवघड आहे. गळती आधी कळवली होती आणि मालकाने हयगय केली, हे दाखवावे लागते. शिवाय करारात जागा फक्त राहण्यासाठी असे असेल, तर "माल ठेवलाच का?" हा प्रश्न मालक पहिला विचारील. म्हणून माल घरात ठेवायचा असेल तर तशी परवानगी लेखी घ्यावी आणि तागे जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावेत.

पाणी फुटले की काय करावे? प्रथम मुख्य कॉक बंद करावा. पाणी पुसण्यापूर्वी फुटलेली जागा, भिंत आणि भिजलेला माल यांचे फोटो काढावेत. त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावे. मोबाइलवर कळवले तरी तो संदेश जपून ठेवावा. फुटलेला तुकडा फेकू नये. प्लंबरकडून पावतीवर कारण लिहून घ्यावे: "पाईप गंजून फुटला" या तीन शब्दांना अनामत परत मागताना मोल येते. मालक दाद देत नसेल तर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी.

आणि घर ताब्यात घेताना, पहिल्याच दिवशी, प्रत्येक नळ सोडून पाहावा, भिंतीवरची जुनी ओल मालकासमक्ष लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. मालक भला असला तरी हे करावे. उद्या घर त्याच्या मुलाच्या हाती गेले, तर त्याला जुनी ओल कोणती आणि तुमची कोणती, हे त्या कागदावरूनच कळेल.