पाच संगणकांचे यान

यंत्र कितीही काळजीने बनविले तरी ते केव्हातरी बिघडणारच. घरातील घड्याळ बंद पडल्यास फारसे अडत नाही; परंतु पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा संगणक बंद पडला, तर आतील माणसांनी परतावे कसे?

अमेरिकेच्या 'स्पेस शटल' यानांत यासाठी पाच संगणक बसविलेले असत. उड्डाण व अवतरण अशा बिकट वेळी चार संगणक तेच गणित एकाच वेळी सोडवीत आणि उत्तरे परस्परांशी ताडून पाहत. तिघांचे उत्तर एक व चौथ्याचे निराळे आले, म्हणजे दोष कोठे आहे हे तत्काळ कळे. मग तेवढ्यालाच बाजूस सारीत. उरलेल्यांचे काम खंडित होत नसे. मात्र चौघांची आज्ञावली एकच. तीतच चूक असली तर चौघेही एकमताने चुकणार! म्हणून पाचव्याची आज्ञावली निराळ्या लोकांकडून लिहवून घेतली होती.

८ डिसेंबर १९८३ रोजी या योजनेची कसोटी लागली. सहा जणांना घेऊन 'कोलंबिया' यान परतण्याच्या तयारीत असता, दिशा बदलणारी लहान इंजिने पेटली आणि एक संगणक बंद पडला. थोड्याच मिनिटांत दुसराही. यानप्रमुख जॉन यंग व त्यांच्या सोबत्यांना सुमारे आठ तास थांबावे लागले. दुसरा संगणक पुन्हा चालू झाला, पहिला झालाच नाही. यान जमिनीस टेकले तेव्हा त्या धक्क्याने दुसराही पुन्हा मिटला. परंतु बाकीचे चालू होते, आणि यान धावपट्टीवर येऊन थांबले. पुढे तपासणीत या बिघाडाचे कारण सापडले : आत सुटून पडलेले डाखाचे बारीक कण!