भोंगा वाजला, पण ऐकू कुणाला आला? फायर अलार्मचा नियम वाचताना

कॅम्पसमध्ये फायर अलार्म आहे का, असं विचारलं की बहुतेक जण छताकडे बोट दाखवतात: तो काय, पांढरा गोल डबा! नियमाला एवढं उत्तर पुरत नाही. पुढची काही वर्षं तुम्ही दिवसा सॉल्व्हंटच्या बाटल्यांशेजारी आणि रात्री होस्टेलवर काढणार असाल, तर नियम काय मागतो हे तुम्हाला माहीत हवं.

पहिला गोंधळ म्हणजे हा नियम एका ठिकाणी लिहिलेलाच नाही. भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ (एनबीसी) घ्या. तिचा भाग ४ आगीबद्दल आहे. पण ही संहिता स्वतः कायदा नाही, शिफारस आहे. राज्य किंवा महापालिका ती आपल्या नियमांत घेते तेव्हा ती बंधनकारक होते. महाराष्ट्रात आगीपुरता मुख्य कायदा २००६ चा, आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा. डिटेक्टर कुठे लावायचा, भोंग्याचा आवाज किती हवा, असले तपशील आणखी खाली, आयएस २१८९ या मानकात मिळतात. म्हणून कुणी 'कोडमध्ये आहे' म्हणालं, की कुठल्या कोडमध्ये ते आधी विचारा.

पुढचा प्रश्न: तुमची इमारत कुठल्या गटात मोडते? एनबीसी इमारतींची विभागणी वापरावरून करते. होस्टेल निवासी गटात, ए-३ मध्ये. वर्ग शैक्षणिक गटात, म्हणजे बी मध्ये. आणि संशोधन प्रयोगशाळा? ती शैक्षणिक नाही, तर व्यावसायिक गटात, ई-२ मध्ये बसते. एकाच आवारात तीन गट! त्यात उंची आणि क्षेत्रफळ मिळवलं की कुठे हातानं दाबायचा अलार्म पुरेल आणि कुठे आपोआप ओळखणारी यंत्रणा लागेल ते ठरतं. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत 'उंच इमारत' धरली जाते आणि अटी कडक होतात. वर्गखोलीची प्रयोगशाळा केली, पण कागदोपत्री वापर तोच राहिला, तर यंत्रणाही जुन्या वापराचीच राहते. माझ्या मते कॅम्पसवरची खरी अडचण ही आहे.

आता भोंगा. मानक म्हणतं, आवाज किमान ६५ डेसिबल हवा, किंवा तिथे ३० सेकंदांपेक्षा जास्त टिकणाऱ्या इतर कुठल्याही आवाजापेक्षा ५ डेसिबल जास्त हवा. माणसं जिथे झोपतात तिथे ७५, आणि तो उशीपाशी मोजायचा. हा 'उशीपाशी' शब्द फार महत्त्वाचा आहे बरं का. समजा, कॉरिडॉरमधला भोंगा तुमच्या दाराबाहेर ८५ डेसिबल देतो आणि बंद दार त्यातले २० खातं. आत उरले ६५. डेसिबल लॉगरिदमी असल्यामुळे हा १० चा फरक म्हणजे हव्या त्या तीव्रतेच्या एक दशांश! भोंगा 'चालू' आहे, तपासणीच्या वेळी कॉरिडॉरमध्ये कान किटतात, आणि आत झोपलेल्याला कदाचित जागही येणार नाही. प्रयोगशाळेत फ्यूम हूड आणि व्हॅक्यूम पंप दिवसभर घुमत असतात, तिथे ५ डेसिबलची अट लागू होते. शांत खोलीत पास झालेला भोंगा तिथे कमी पडू शकतो.

डिटेक्टरचंही तसंच. मेसच्या स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर लावला तर फोडणीलाच वाजेल. तिथे उष्णतेवर चालणारा लावतात. चुकीचा डिटेक्टर रोज ओरडतो, मग कुणीतरी वैतागून तो झोनच बंद करतं. पॅनलवर पिवळा दिवा लागतो आणि महिनोन्महिने तसाच राहतो.

हे सगळं चालू ठेवायची जबाबदारी २००६ च्या कायद्यानं मालकावर किंवा वापरकर्त्यावर टाकली आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, 'नमुना ब', दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. प्रवेश घेतल्यावर होस्टेलच्या कार्यालयात मागच्या जानेवारीचं किंवा जुलैचं प्रमाणपत्र बघायला मागा, आणि जाता जाता पॅनलवर पिवळा दिवा लागलाय का तेही बघा.